गाडी बंद केली, पण थांबली का?

सोलापूरहून अक्कलकोटला निघाले की वाटेत वळसंग लागते. स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांची या रस्त्यावर गुरुवारी आणि पौर्णिमेला रीघ असते. कोणी चहाला थांबते, कोणी मुलांना उतरवायला, कोणी नुसतेच पाय मोकळे करायला. पंधरा वर्षांपूर्वी या गाड्यांमध्ये क्लच नसलेली गाडी शोधावी लागली असती. आता मध्यमवर्गीय घरातल्या छोट्या गाडीलाही दोनच पेडल असतात. डावा पाय रिकामा, गिअर आपोआप पडतात, गुडघा दुखत नाही. चालवणाऱ्याला वाटते, गाडी ‘ऑटोमॅटिक’ आहे, म्हणजे सगळे तिचे ती बघून घेईल.

इथेच एक घोटाळा आहे. आपल्याकडे सर्वाधिक परवडणाऱ्या अशा गाड्या एएमटी प्रकारच्या असतात आणि त्यांच्या गिअरच्या दांड्यावर साधारणपणे ‘पी’ म्हणजे पार्क ही खूणच नसते. रिव्हर्स असतो, न्यूट्रल असतो, पुढे जायचा डी किंवा ए असतो. गाडी जागच्या जागी कुलूपबंद करणारी जागा मात्र नसते. पूर्ण ऑटोमॅटिक गाडी चालवून आलेला पाहुणा किंवा परदेशातून सुट्टीला आलेला मुलगा अशी गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो, इंजिन बंद करतो आणि उतरतो. रस्ता सपाट असेल तर काही होत नाही. किंचित उतार असेल तर गाडी निघते.

गिअर कोणत्या जागी आहे हे माणसाला कसे कळते, हाताला की डोळ्याला, हा प्रश्न मोटारींच्या इतिहासात नवा नाही. सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत तो फार मजेदार रूपात पुढे आला होता. त्या गोष्टीचा एक धागा सोलापूरपर्यंत येतो.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. जहाजे, विमाने, साखर अशा उद्योगांबरोबर भारतात मोटारी बनवायच्या हाही त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लर घराण्यातल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे त्याच कारखान्यातून फियाट आली आणि तीच नंतर प्रीमियर पद्मिनी झाली. जुन्या फियाटचा गिअर ज्यांनी टाकला आहे त्यांना तो स्टिअरिंगखालचा दांडा आठवत असेल. वर उचलून मागे, खाली घेऊन पुढे. डोळे रस्त्यावर ठेवून हाताने शोधायची ती जागा होती. बजाज चेतकच्या डाव्या मुठीतला गिअरही तसाच, मनगटाच्या पिळाने कळायचा.

वालचंद १९५३ मध्ये गेले. त्यानंतर तीनच वर्षांत त्यांच्या सहकारी क्रायस्लरने अमेरिकेत एक नवलाई बाजारात आणली. १९५६ च्या मॉडेलपासून गिअरचा दांडा गेला आणि डॅशबोर्डवर चालकाच्या डाव्या हाताला बटणांची एक छोटी पट्टी आली. आर, एन, डी, एल. दाबलेले बटण आत राही आणि दुसरे दाबले की ते बाहेर येई, जुन्या रेडिओच्या बटणांसारखे. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणजे बटणे दाराच्या बाजूला आली. शेजारी बसलेल्या मुलाचा हात सहज तिथे पोहोचणार नाही, हा त्यातला मोठा फायदा.

त्या काळाची हवाच बटणांची होती. स्वयंपाकघरातली यंत्रे बटणावर, टीव्ही बटणावर, युद्धसुद्धा म्हणे बटणावर होणार होते. मोटारीच्या जाहिरातींनी तेच उचलले. एका बोटाने गाडी चालवा, असा सगळा सूर. हातात जोर नसलेल्यांना आणि बोटांच्या सांध्यांचा त्रास असलेल्यांना ते खरोखर सोयीचे होते, हेही मान्य करायला हवे.

दिसायला ही विजेची करामत वाटे, पण क्रायस्लरच्या बटणांमागे वीज नव्हती. बटण दाबले की आतली पट्टी सरके आणि तिला जोडलेली एक जाड केबल पुढे-मागे होई. सायकलच्या ब्रेकची वायर नुसती ओढते, ही ढकलतही असे. केबलचे दुसरे टोक गिअरबॉक्समधल्या झडपेला जोडलेले होते. ही झडप जिथे सरके त्याप्रमाणे दाबाखालचे तेल वेगवेगळ्या वाटांनी जाई, ठरावीक क्लच आणि पट्टे आवळले जात आणि गाडी पुढे, मागे किंवा मोकळी होई. पुढचे गिअर बदलायचे काम मग वेग आणि अॅक्सिलरेटर बघून तेलाचा दाबच करी. गाडी वेगात पुढे जात असताना चुकून रिव्हर्सचे बटण दाबले गेले, तर रिव्हर्स न पडता गाडी न्यूट्रलमध्ये जावी, अशी अडवणारी झडपही क्रायस्लरच्या तीन गिअरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये होती. चालक चुकणार हे गृहीत धरून केलेली ही सोय आजच्या कसोटीवरही चांगलीच म्हणावी लागेल.

उणीव होती ती दुसरीकडे. सुरुवातीच्या वर्षांत या पट्टीवर ‘पी’ नव्हता. गाडी उभी करायची तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. पार्कसाठी वेगळी छोटी खटकी आली ती १९६० नंतरच्या मॉडेलांमध्ये. म्हणजे त्या वेळची झगमगीत अमेरिकन गाडी आणि आजची आपली एएमटी, या एका बाबतीत दोघी सारख्याच.

क्रायस्लरचे बघून इतरही सरसावले. पॅकार्डने १९५६ मध्येच बटणे आणली, पण त्यांनी केबलऐवजी विजेची मोटर लावली. चढावर पार्कमध्ये उभी केलेली जड गाडी त्या मोटरला पार्कमधून सोडवता येईना. फोर्डच्या एडसेल गाडीने १९५८ मध्ये तर कमालच केली. गिअरची बटणे थेट स्टिअरिंगच्या मधोमध बसवली. चाक फिरले तरी मधला भाग स्थिर राहावा म्हणून आत दातेरी चाकांची खास योजना होती. अभियांत्रिकी म्हणून सुंदर. पण त्या काळात स्टिअरिंगच्या मधोमध काय असायचे? हॉर्न. समोर कोणी आडवे आले की वर्षानुवर्षांच्या सवयीने हात तिथे जाई, आणि वाजण्याऐवजी गिअर बदले. विजेची मोटरही धड चालेना. पुढच्याच वर्षी एडसेलने ही बटणे काढून टाकली. त्या गाडीचे अपयश व्यापारी जगात आजही उदाहरण म्हणून सांगतात; कारणे अनेक होती, पण हॉर्नच्या जागी गिअर ठेवणे हा त्यातला सर्वांत शहाणपणाशून्य निर्णय म्हणता येईल.

माणसाचा हात असा का वागतो, हे तोवर शास्त्रज्ञांना ठाऊक झाले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर बसत. अनुभवी वैमानिक, शत्रू नाही, बिघाड नाही. १९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या आत डोकावून पाहिले. पंखांचे फ्लॅप वर घ्यायचा खटका आणि चाके आत घ्यायचा खटका शेजारी-शेजारी आणि दिसायला-लागायला जवळजवळ सारखे होते. थकलेला वैमानिक उतरल्यावर फ्लॅप घ्यायला जाई आणि चाके आत घेई. चॅपानिसचा उपाय साधा होता. चाकाच्या खटक्याला छोटे रबरी चाक लावा, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा आकार द्या. न बघता हाताला फरक कळला पाहिजे. विमानांत आजही चाकाचा दांडा चाकाच्या आकाराचा असतो तो यामुळेच. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० चुका तपासल्या. ज्यांना ‘वैमानिकाची चूक’ म्हणून मोकळे होत असत, त्यांतल्या बऱ्याचशा चुका खटक्यांच्या मांडणीत दडलेल्या होत्या, असे त्यांना दिसले.

शरीराची ही गंमत समजून घेण्यासारखी आहे. हजारदा केलेली हालचाल मेंदू विचारांच्या कचेरीतून काढून सवयीच्या खात्यात टाकतो. हात कुठे आहे, किती वळला आहे, किती जोर लागला, याची खबर स्नायू आणि सांधे मेंदूला सतत देत असतात. डोळे मिटूनही घास तोंडातच जातो तो यामुळे. गिअरचा दांडा या जाणिवेशी बोलतो. तो पुढे आहे की मागे, हे हाताला नुसते ठेवल्यावर कळते. बटणाला अशी जागा नसते. ते सारखे, गुळगुळीत, एका रांगेत. कोणते दाबले हे बघावे लागते, आणि बघायचे तर नजर रस्त्यावरून काढावी लागते. घाईत, रात्री, थकलेल्या अवस्थेत माणूस बघत नाही. सवयीचे खाते जे सांगेल ते तो करतो.

गंमत अशी की अमेरिकेत त्या काळी दांडे तरी कुठे एकसारखे होते? जनरल मोटर्सच्या कित्येक गाड्यांत क्रम होता पी, एन, डी, एल, आर. सगळ्यात कमी वेगाचा पुढचा गिअर आणि रिव्हर्स एकमेकांना खेटून, मध्ये न्यूट्रलही नाही. चिखलात-बर्फात रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवायला ते सोयीचे असे. पण दुसऱ्याची गाडी चालवणारा हात एक घर जास्त सरकला की गाडी नेमकी उलट दिशेला जाई. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मोटार कंपन्यांना ज्या गोष्टींवरून धारेवर धरले, त्यांत हा क्रमही होता.

क्रायस्लरची बटणे १९६४ च्या मॉडेलनंतर बंद झाली. अमेरिकी सरकारने त्यांच्यावर बंदी घातली, असे जुन्या गाड्यांचे शौकीन छातीठोकपणे सांगतात. तसे ते नव्हते. १९६४ मध्ये सरकारी खरेदीच्या गाड्यांसाठी सुरक्षेची मानके ठरवण्याचा कायदा झाला आणि पी-आर-एन-डी हा क्रम सर्वांनी धरावा, असा रेटा त्यातून आला. गिऱ्हाइकांनाही तोवर दांड्याची सवय होती. शेजाऱ्याची गाडी, भाड्याची गाडी, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी सगळी दांड्याची. क्रायस्लरने काळाची पावले ओळखली. १९६८ पासून अमेरिकेत नियमच झाला की रिव्हर्स आणि पुढचा गिअर यांच्या मध्ये न्यूट्रल असलेच पाहिजे आणि गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर लागता कामा नये. खरे तर क्रायस्लरची बटणे यंत्र म्हणून दणकट होती. त्या काळातल्या कित्येक गाड्या शौकिनांनी आजही चालत्या ठेवल्या आहेत. केबल नीट बेतून घट्ट केली आणि तिला गंज लागू दिला नाही, की झाले. ती गेली ती एकट्या पडलेल्या व्याकरणामुळे, बिघाडामुळे नव्हे.

धडा शिकून झाला, असे वाटावे तोच तो पुसला गेला. आता गिअरबॉक्सला केबल लागत नाही, संगणकाचा इशारा पुरतो. त्यामुळे गिअर निवडायचे साधन कसेही, कुठेही ठेवता येते. बटण, गोल फिरवायची चकती, स्टिअरिंगमागची कांडी. टेस्लाने २०२१ मध्ये नव्या मॉडेल एसमध्ये ते पडद्यावर नेले. आपल्याकडे टाटाच्या नेक्सॉन ईव्हीत, एमजीच्या झेडएस ईव्हीत गोल चकती आली. चकती फिरवली तरी ती किती फिरली हे पुष्कळदा हाताला कळत नाही. समोरच्या पडद्यावरचे अक्षर बघावे लागते.

याची किंमत कोणी मोजली? २०१६ मध्ये क्रायस्लरच्याच वारसदार कंपनीने, फियाट क्रायस्लरने, सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. जीप ग्रँड चेरोकीसह काही मॉडेलांत गिअरचा दांडा होता, पण तो नावापुरता. पुढे ढकला, मागे ओढा, सोडला की तो परत मधोमध येई. गाडी पार्कमध्ये गेली की रिव्हर्समध्येच राहिली, हे दांड्याच्या जागेवरून कळायचा मार्गच नव्हता. लोक पार्क केले समजून उतरत आणि गाडी सरके. ही दुरुस्ती जाहीर झाल्यानंतर दोन महिन्यांनी, १९ जून २०१६ रोजी, ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांतला अवघ्या २७ वर्षांचा अभिनेता अँटन येल्चिन लॉस एंजेलिसमध्ये आपल्या घरासमोरच मरण पावला. उतारावरून त्याचीच ग्रँड चेरोकी मागे आली आणि फाटकाच्या खांबाशी तो चिरडला गेला.

आता वळसंगच्या रस्त्याकडे परत येऊ. आपल्या एएमटीत संगणकी पार्क फसवण्याचा प्रश्न नाही, कारण पार्कच नाही. तो का नाही, याचे उत्तर गाडीच्या पोटात आहे. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर एक खाचांचे चाक असते. ‘पी’ला टाकले की एक पोलादी खटका त्या खाचेत जाऊन बसतो आणि चाके अडतात. एएमटी म्हणजे मुळात साधा, हाताने टाकायचा गिअरबॉक्स. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओमधून ती आपल्याकडे स्वस्तात आली. क्लच तोच, गिअर तेच. फक्त डाव्या पायाचे आणि हाताचे काम एक छोटी यंत्रणा करते. त्यात तो पोलादी खटका घातलेला नसतो. म्हणून तर ती स्वस्त असते आणि पेट्रोलही राखते. यात फसवणूक काही नाही, पण विकताना ही गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. शोरूममध्ये म्युझिक सिस्टीमवर दहा मिनिटे जातात, हँडब्रेकवर एकही जात नाही.

दक्षिण सोलापूरचा मुलूख बराचसा सपाट. त्यामुळे हँडब्रेक ओढायची सवय आपल्याकडे अनेकांना नसतेच. पण सपाट म्हणजे किती सपाट? मीटरभर अंतरात दोन सेंटिमीटर उतार डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. न्यूट्रलमधली गाडी मात्र तेवढ्यावरही हलू शकते, कारण चांगली हवा भरलेल्या टायरचा अडथळा त्याहून कमी असतो. मीटरला चार सेंटिमीटर उतार धरा, म्हणजे तुळजापूरकडच्या घाटातही नाही, एखाद्या मंगल कार्यालयाच्या फाटकाशी असतो तेवढा. ढोबळ हिशेबाने गाडी पाच सेकंदांत तीन मीटर सरकते, दहा सेकंदांत तेरा मीटर, आणि तेव्हा तिचा वेग ताशी नऊ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. दहा सेकंद म्हणजे उतरून डिकी उघडायला लागणारा वेळ. आणि गाडीच्या मागे त्या क्षणी कोण असते? डिकीतून पिशवी काढणारी व्यक्ती, किंवा आधीच उतरलेले लहान मूल. नऊशे किलोचे वजन चालायच्या वेगाने जरी आले, तरी हातांनी अडवायचा प्रयत्न करू नये. मागे भिंत असेल तर अजिबातच नाही. हळू येतेय म्हणून ती थांबवता येईल, असे वाटणे हाच मोठा धोका.

दुसरी सवय याहून वाईट. इंजिन चालू, गाडी डी मध्ये, पाय ब्रेकवर, आणि खिडकीतून वाकून कोणाशी तरी बोलणे. ब्रेकवरचा पाय ढिला झाला की बहुतेक एएमटी आणि सर्व जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिक गाड्या आपणहून पुढे सरकतात. दचकलेला पाय मग ब्रेक शोधतो आणि कधी अॅक्सिलरेटरवर पडतो. १९८०च्या दशकात ऑडी ५००० गाड्या ‘आपोआप सुसाट निघतात’ म्हणून अमेरिकेत मोठा गहजब झाला होता. १९८९ मध्ये सरकारी तपासणीचा निष्कर्ष आला, तो प्रामुख्याने चुकीच्या पेडलवर पडलेल्या पायाचा. ब्रेक दाबल्याशिवाय ‘पी’मधून गिअर हलूच नये, हे कुलूप पुढे सर्वत्र रूढ झाले ते त्यानंतर. पायाची ही चूक वय वाढते तशी वाढण्याची शक्यता असते. मान आणि कंबर कमी वळते, पायाच्या तळव्याची संवेदना मंदावते. मधुमेहामुळे पाय बधिर होत असतील तर ही गोष्ट डॉक्टरांशी जरूर बोलावी.

म्हणून क्लचवाल्या गाडीकडे परत जा, असे कोणी म्हणणार नाही. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्याला, डाव्या पायात कमजोरी असलेल्याला, किंवा गर्दीत तासन्‌तास क्लच दाबून बेजार झालेल्याला ही दोन पेडलांची गाडी वरदानच आहे. डॉक्टरांची परवानगी घेऊन अनेक जण तिच्यामुळेच पुन्हा गाडी चालवू लागतात. फक्त उभी करण्याचा क्रम पक्का हवा. ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवा. पाय ब्रेकवरच असताना हँडब्रेक पूर्ण ओढा. मग गिअर. उतारावर एएमटी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायची असते; कोणता गिअर आणि कोणत्या क्रमाने, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. ‘पी’ असलेल्या गाडीतही आधी हँडब्रेक, नंतर पी. नाहीतर सगळा भार त्या लहानशा खटक्यावर येतो. चकतीची किंवा बटणांची गाडी असेल तर पडद्यावरचे अक्षर वाचल्याशिवाय दार उघडू नका. आणि शेवटी, दार उघडण्याआधी ब्रेकवरचा पाय सावकाश उचलून दोन सेकंद थांबा. गाडी निघायचीच असेल तर ती तुम्ही आत असतानाच निघू दे.